आप्पांच्या डाव्या दंडाचा दरारा

जगातल्या यच्चयावत रोगांना न भिणारा एकच माणूस येळ्ळुरात होऊन गेला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता! आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो. लहानपणी देवी काढल्याचे, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचल्याचे, रुपयाएवढाले दोन वण त्यांच्या डाव्या दंडावर होते. त्या वणांवर त्यांचा जेवढा विश्वास, तेवढा आत्यावरही नव्हता. गोवर, कावीळ, हिवताप, काहीही निघो, आप्पा बाही वर सारून म्हणायचे, "देवीसारखी देवी हितनं माघारी गेली, बाकीच्यांची काय टाप हाय?" एकदा कुत्रं अंगावर आलं, तर त्यालाही त्यांनी दंड दाखवला. कुत्रं पळालं, हे आणखी वाईट झालं.

लस टोचणारे गावात आले की पोरं उसात पळायची. आप्पा खिशात चिरमुरे घेऊन मागोमाग. एकेकाला बखोटीला धरून आणायचे, आणि सुई टेकली की पोराच्या आधी स्वतःच "आई गं!" करून ओरडायचे. पोरगं रडायचं विसरून त्यांच्याकडं बघत राहायचं. आमच्या गल्लीत बिनटोचलेलं पोर उरलं नाही ते त्यांच्यामुळंच.

मग त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, आमच्या आक्काचं, निपाणीच्या मुलाशी लग्न ठरलं आणि नेमकी डोळे येण्याची नवीच साथ आली. आत्या हात जोडून सांगत होती, "लगीन हुईपतोर घरात बसा." ऐकतील ते आप्पा कसले! दंडाच्या भरवशावर ते घरोघरी जाऊन लोकांच्या डोळ्यांत औषध घालत फिरले. लग्नाच्या तोंडावर त्यांचेच डोळे पिकल्या टोमॅटोसारखे झाले. डॉक्टर म्हणाले, "आप्पा, देवीची लस देवीपुरती. ही साथ नवी, तिला तुमच्या दंडाची काय ओळख? मांडवात पाऊल टाकाल तर अख्खं वऱ्हाड लाल कराल." आप्पांनी पहिल्यांदाच बाही खाली ओढली.

कन्यादान चुलत्यानं केलं. आप्पा समोरच्या गोठ्याच्या दारात, काळा चष्मा लावून, म्हशीशेजारी उभे. तिथूनच अक्षता टाकल्या. सगळ्या म्हशीवर पडल्या. आम्ही हसून हसून बेजार. पण पाठवणीला आक्का पाया पडायला गोठ्याकडं निघाली, तसे आप्पा दोन्ही हात आडवे करून ओरडले, "लांब ऱ्हा गं बाई, लांब ऱ्हा!" आक्का थबकली. मग भर वऱ्हाडात तिनं बाही वर सारली आणि आपला तसल्याच वणांचा डावा दंड बापाला दाखवला. आप्पांनीही दाखवला.

पुढं देवीचा रोगच हटला, ती लस बंद झाली. आक्काच्या बाळाच्या कोऱ्या दंडावरनं हात फिरवत आप्पा कळवळले, "ह्येला आता कोण राखणार गं?"

"तुमी हाईसा की," आक्का म्हणाली.

तेव्हापासून नातवाच्या बाकीच्या लसी टोचायला आप्पाच न्यायचे, आणि "आई गं!" असंही तेच ओरडायचे. परवा माझ्या नातवाला टोचायला नेलं. दवाखाना चकाचक, नर्सबाईचा हात हलका. पण आधी ओरडणारं कुणीच नव्हतं, पोर बिचारं एकटंच रडलं.