मिशीवाला फौजी कुणालाच दिसला नाही

नोकरीत किती माणसं शोधली याचा हिशेब नाही. पण माकणीच्या धरणाजवळच्या गावातल्या एका बेपत्ता माजी सैनिकाची आठवण अजून मनातून जात नाही. मी तेव्हा लोहारा तालुक्यात ठाणेदार होतो.

सकाळची हजेरी संपते न संपते तोच ठाण्याचा फोन वाजला. बोलणारा त्या सैनिकाचा पलटणीतला जुना सोबती होता. "साहेब, आमच्या हवालदारसाहेबांनी काल सगळ्या दोस्तांना फोन केले. चुकलंमाकलं माफ करा म्हणले. आज फोन बंद हाय. मला लई भेव वाटायलंय."

माणूस असा अचानक सगळ्यांचा निरोप घेऊ लागला, की ठाणेदारानं हातातला चहा खाली ठेवावा. मी जीप काढायला सांगितली, तेवढ्यात त्या सैनिकाचा धाकटा भाऊच खबर द्यायला आला. त्यानं फोटो दिला. वर्दी, छातीवर पदकं, झुपकेदार मिशी. अंगावर काय होतं? पँट-शर्ट. घरात काही वाद?

"न्हाय साहेब. फौजी माणूस त्यो, त्याला काय धाड भरलीय?"

बिनतारी संदेश सुटला. फोटो बसस्थानकांवर, ढाब्यांवर, धरणावरच्या मासेमारांना दाखवून झाला. दुपार झाली तरी कुणी पाहिल्याचं सांगेना. एवढा धिप्पाड माणूस उघड्या माळावर दिसत नाही म्हणजे काय? मी सरळ त्याच्या घरी गेलो.

घरी विधवा आई होती. थोरल्याचं लग्न झालं नव्हतं, आणि धाकट्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. अंगणाच्या कोपऱ्यात केराबरोबर हिरव्या बांगड्यांच्या काचा पडल्या होत्या, अगदी ताज्या. आमच्याकडं विधवा हिरव्या बांगड्या भरत नाही आणि भावजय तर गावातच नव्हती. दोन तुकडे जुळवून पाहिले. मनगट चांगलंच रुंद असणार होतं.

भावाला ओसरीवर बसवलं. आवाज चढवला नाही. खोटं बोलणारा घाबरला की आणखी खोटं बोलतो. काचा त्याच्यापुढं ठेवल्या आणि गप्प बसलो.

"गावानं मिरवणूक काढली व्हती, साहेब. वेशीवर त्येचा फ्लेक्स हाय. आन् त्यो घरात साडी नेसायला लागला. म्हणं, मी आधीपासनं बाईच हाय. परवा म्याच बांगड्या फोडल्या."

आई दारातून पुढं आली. "साहेब, माझं लेकरू हिरवी साडी नेसून गेलंय. मिशी कवाच काढलीय. तुमी भलत्यालाच हुडकायलाव."

मला भावाची अशी चीड आली! जिवावर बेतलं होतं आणि हा गावातला आब सांभाळत होता. इथून पुढं मी 'ती' असंच लिहितो. तिनंच मला तसं सांगितलं.

नवं वर्णन सांगितल्याबरोबर धरणावरच्या मासेमाराचा फोन आला. "उंच बाई? सकाळधरनं काठावर बसलीय. भाकर दिली तर नगं म्हणली."

"अरे, मग सकाळी का नाही सांगितलं?"

"तुमी मिशीवाला इचारला व्हता, साहेब."

जीप लांब उभी केली. शिपायांना तिथंच थांबवलं आणि आईला घेऊन पुढं गेलो. काठावर बसलेल्या लेकीनं मान वळवून विचारलं, "साहेब, कुणाला न्यायला आलाव? फोटोतल्याला का मला?"

आई तिच्याजवळ मातीत बसली. म्हणाली, "फोटो गावाला ऱ्हाऊ दे. मला तू पायजेस."

लेक हमसून हमसून रडली. मी पाठ फिरवली, कारण माझंही काही खरं नव्हतं.

जीपमध्ये ती म्हणाली, "पलटणीत ड्युटी संपली की झोप लागायची. घरी आल्यापासनं दुसराच कुणी असल्याची ड्युटी चाललीय. तिला रजाच न्हाय." धाराशिवच्या मानसोपचारतज्ज्ञांनी नंतर मला समजावलं, की आयुष्यभर लपवलेलं एक दुःख होतंच, त्यात पलटण, सोबती, रोजचा शिरस्ता सगळं एकदम सुटलं. या निराशेवर उपचार आहेत, पण घरच्यांनीही साथ द्यायला हवी.

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. शिस्तीत वाढलेला माणूस विचारलं की 'सब ठीक' म्हणतो, आणि आपण सुटलो म्हणून पुढं जातो. त्याला थांबून स्पष्ट विचारावं, जीव नकोसा झालाय का? विचारल्यानं कुणाच्या डोक्यात भलतं भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मी तिला दवाखान्यात तसंच विचारलं. "वाटतं कधीकधी," ती म्हणाली, "पण आता सांगायला माणसं हायती."

ती आता धाराशिवला खोली घेऊन राहते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना पहाटे मैदानावर पळवते आणि चुकल्या की फौजी आवाजात झापते. आई तिच्याजवळच असते. भाऊ मात्र बरेच दिवस फिरकला नव्हता.

मागच्या दिवाळीत त्याचा फोन आला. मागं बायकापोरांचा गलका ऐकू येत होता.

"साहेब, धाराशिवला आलोय."

"काय काम काढलंस?"

"भाऊबीज हाय न्हवं का. अक्कानं ओवाळलं."