तेरा सत्ते... अं... एक्याण्णव

नव्वदच्या दशकात बी.ए. होऊन मी हिंगोलीत उंडारत होतो. रिकाम्या माणसाला सगळेच काम सांगतात, तसं शेजारच्या गुरुजींनीही सांगितलं. ते गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवायचे. घशाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी मोठ्यानं बोलायला बंदी घातलेली, आणि रजा संपलेली.

"तू नुस्ते पाढे म्हण. बाकीचं मी फळ्यावर बघतो," ते कुजबुजले.

पगार नव्हता. तरी मी इस्त्रीचा शर्ट घालून असा निघालो की आईला वाटलं, मुलगी बघायला चाललोय.

बाहेरचा माणूस वर्ग घेतो हे वर कळलं असतं, तर गुरुजींची रवानगी थेट लांबच्या डोंगरकडा गावाला झाली असती. घरी बायको अर्धांगवायूनं अंथरुणावर. तिला दुपारच्या सुट्टीत जाऊन तेच भरवायचे. त्यामुळे बदली त्यांना परवडणारी नव्हती.

पाढ्यांची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्यानं म्हणायचं, वर्गानं जसंच्या तसं ओरडायचं. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "तेरा चोक बावन्न, ए, खिडकीतून खाली उतर!" सगळा वर्ग गरजला, "ए, खिडकीतून खाली उतर!"

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण तेरा सत्तेला माझी गाडी लहानपणापासून अडते. मी रोज तिथं थांबायचो, डोकं खाजवायचो, "अं..." करायचो आणि मग एक्याण्णव सापडायचे. पोरांनी तेही मन लावून पाठ केलं, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

मग तपासणीचे साहेब आले. मला लपवायचं म्हणून शिपायाच्या वेषात, म्हणजे चहाचा ट्रे देऊन, दाराशी उभं केलं होतं. साहेबांनी नेमका तेराचाच पाढा मागितला.

"तेरा सक अठ्ठ्याहत्तर! तेरा सत्ते..." सगळा वर्ग थांबला. सगळ्यांनी डोकी खाजवली. "अं... एक्याण्णव!"

सवयीनं माझाही एक हात डोक्याकडे गेला. ट्रे कलंडला, कप फुटले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग गुरुजींकडे.

"गुरुजी, लेकरं असं काहून करून राहिली? कोणी शिकवलं हे?"

मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. गुरुजी खुर्चीतून उठले. कुजबुजले असते तर सगळंच उघडं पडलं असतं. डॉक्टरांची बंदी मोडून ते पार मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलले.

"म्याच, साहेब. मी तिथं अडतो. पोरं माझंच बघून शिकली."

फाटक्या पत्र्यासारखा आवाज होता तो. साहेब हसले, "एवढी नोकरी झाली गुरुजी, आता तरी पाठ करा," म्हणाले आणि पुढच्या वर्गात गेले.

त्यानंतर कितीतरी दिवस गुरुजींची कुजबुजही बंद होती. मला लाज वाटली, त्यांचा लळाही तेव्हाच लागला.

दुसऱ्या दिवशी मी घोकून आलो होतो. "तेरा सत्ते एक्याण्णव!" न अडता म्हणून टाकलं. वर्गानं तरीही "अं" केलंच. मागं वळून पाहिलं, तर खुर्चीत बसलेले गुरुजी पोरांबरोबर डोकं खाजवत होते.