परत आलेली अर्धी ताटं

माझी मुलगी ताटं वाचते. पुस्तकांशी तिचं कधी फारसं जमलं नाही, पण खाऊन झालेलं ताट समोर आलं की ती सांगते, मीठ जास्त पडलं होतं, माणूस घाईत होता, किंवा मासा आवडला पण बटाटा कच्चा होता. लहान असताना माझ्या स्वयंपाकाचे निकाल ती असेच लावायची. मी चिडायचे.

गावातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलात तिने बारा वर्षं काढली. तीनशे खुर्च्यांचं हॉटेल. स्वयंपाकघर एका टोकाला, भांडी घासायची मोरी दुसऱ्या टोकाला. शिजवणाऱ्याला ना खाणारा दिसे, ना त्याने काय टाकलं ते. ही मात्र आपल्या सुट्टीत मोरीपाशी जाऊन उभी राहायची. बाकीचे आचारी तिला उष्टी मास्तरीण म्हणायचे.

आठवडाभर बघून एकदा तिने मालकाला सांगितलं, लिंबाच्या रश्शातला मासा निम्मा परत येतोय. रस्सा सकाळी एकदाच करून दिवसभर तापवत ठेवतात, म्हणून तो कडू होतो. मालकाने सगळ्या आचाऱ्यांना गोळा केलं आणि म्हणाला, हिला खरकट्यातच एवढा रस असेल तर मोरीवरच ठेवू या. मग म्हणाला, “माझ्या हॉटेलात काही कडू नाही. ही खोटं बोलते.”

अठरा माणसं हसली. तिने ॲप्रनची घडी करून ओट्यावर ठेवली आणि घरी आली. दोन दिवस जेवली नाही. नोकरी गेल्याचं तिला काही नव्हतं, ‘खोटं बोलते’ हे लागलं होतं. तेव्हापासून तिला एकच हवं होतं: त्या माणसाने आपल्या तोंडाने, चार लोकांदेखत, तो मासा कडू म्हणावा. मी तिला सांगत राहिले, सोड गं, विसर. मी स्वतः एक दिवस विसरले नव्हते.

मग तिने आमच्या गल्लीत एक गाळा घेतला. सात टेबलं, फळ्यावर रोज चारच पदार्थ, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला मोठी चौकट, तिथून सगळी टेबलं दिसतात. ताटं आधी तिच्या हातात जातात, मग मोरीत. शिंपीकाकांच्या डाव्या दाढा गेल्यात हे तिने त्यांच्या ताटावरून ओळखलं. त्यांचे बटाटे ती न सांगता मऊ करते. रात्रपाळी करून येणारी नर्स दोन घास टाकून उठली तर ही पदर खोचून बाहेर येते आणि विचारते, काय झालं गं? मोठ्या हॉटेलात कोण विचारतं? तीन वर्षांत लोक बाहेर बाकावर बसून वाट बघायला लागले. तिकडच्या खुर्च्या रिकाम्या पडायला लागल्या, हेही कानावर येत होतं. मी वाईट वाटल्यासारखं तोंड करायचे.

गेल्या सोमवारी त्या मालकाचा फोन आला. उद्या दुपारी जेवायलाच येतो, कामाचं बोलायचंय. समोरचा रिकामा गाळा तो घेणार अशी कुणकुण होतीच. मुलगी मात्र शांतपणे म्हणाली, “आई, उद्या साडेअकराला त्याच्या हॉटेलात जा आणि लिंबाच्या रश्शातला मासा बांधून आण.”

मी गेले. पिशवी छातीशी धरून अशी परतले की कुणाला वाटावं दागिने नेतेय. मला एकच धास्ती होती, तो आपलं अन्न ओळखेल. ती म्हणाली, ओळखायला आधी खावं लागतं. बारा वर्षांत त्याने आपल्या हॉटेलातला घास तोंडात घातलेला तिने पाहिला नव्हता. त्याचा डबा घरून यायचा.

तो आला, मधल्या टेबलावर बसला. म्हणाला, परत ये, आता माझी पाच हॉटेलं आहेत, पाचही हॉटेलांची स्वयंपाकघरं तुझ्या हाताखाली देतो. नाही म्हणालीस तर समोरचा गाळा माझाच आहे. ती म्हणाली, आधी जेवा. मासा गरम करून, आमच्या ताटात वाढून तिने पुढे ठेवला.

दोन घास. तिसऱ्याला त्याने तोंड वाकडं केलं. अर्धा मासा तसाच ठेवून ताट सरकवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “कडूजहर झालाय. यासाठी लोक बाहेर बाकावर बसतात?”

ती चौकटीतून बाहेर आली. ताट उचललं, नेहमीसारखं नीट पाहिलं.

“अर्धा टाकलात, साहेब. तिथेही लोक अर्धाच टाकायचे.”

“म्हणजे?”

मी पिशवीतून त्याच्या हॉटेलचं नाव छापलेला डबा काढून टेबलावर ठेवला. डबा मी नाव वर येईल असाच ठेवला.

मग शिंपीकाका ताटावरून मान न उचलता म्हणाले, “आमचा मासा बरा आहे हो.” नर्स हसली, आणि हसू टेबलाटेबलावरून फिरलं. त्याचे कान लाल झाले. थोड्या वेळाने त्याने हळू आवाजात विचारलं, तुझ्या हातचं काही आहे का? तिने फळ्याकडे बोट केलं. चारही पदार्थ पुसलेले होते. “संपलं. उद्या या, बाकावर बसावं लागेल.”

तो गेला. तिने ते ताट मला घासू दिलं नाही, स्वतः घासलं. मग ओट्याशी उभी राहून पोटभर जेवली.

आज समोरच्या गाळ्यावर त्याची पाटी लागली. संध्याकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आत्ता खिडकीशी जाऊन नीट पाहिलं तेव्हा जरा बरं वाटलं. त्या गाळ्याची मोरी रस्त्याच्या अंगाला आहे आणि तिची खिडकी बरोबर आमच्या चौकटीसमोर उघडते. परत येणारं प्रत्येक ताट माझ्या मुलीला इथून दिसेल.