मधलं सर्टिफिकेट

रक्त तपासणाऱ्या त्या मोठ्या लॅबमध्ये त्याला सगळे किल्लीवाले म्हणत. किल्ली त्याच्याकडे एकही नव्हती. पासवर्ड विसरलेली माणसं ओशाळून त्याच्या टेबलाशी यायची आणि तो चष्म्यावरून बघत म्हणायचा, "घरचा पत्ता तरी आठवतोय ना?" उमेदीची सगळी वर्षं त्याने हेच केलं. माणसं आत घ्यायची, माणसं बाहेर ठेवायची. त्याची खोली तळघरात होती, खिडकी नसलेली, यंत्रांच्या उष्ण श्वासात भिजलेली. पण वरचं प्रत्येक दार आपल्याला विचारून उघडतं असं त्याला वाटायचं, आणि त्या वाटण्यावर तो तगून होता.

मग सोन्या आला.

सोन्या म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. शाळेच्या सुट्टीत राहायला यायचा तेव्हा किल्लीवाल्यानेच त्याला कॉम्प्युटरसमोर बसवून या कामाची बाराखडी शिकवली होती. आता तो एका बाहेरच्या कंपनीकडून लॅबचा नवा लॉगिन सर्व्हर बसवायला आला होता. गळ्यात ओळखपत्र, हातात दोन फोन. लॅबच्या प्रमुख मॅडम त्याला 'सर' म्हणायच्या. किल्लीवाल्याला इतक्या वर्षांत कुणी सर म्हटलं नव्हतं. घरी तर सोयच नव्हती. बायको याच लॅबच्या काउंटरवर नमुने घ्यायची, आणि ताटावर बसलं की तिचा एकच पाढा. सोन्याने हे केलं, सोन्याला ते जमतं.

"लहानपणी घड्याळं उघडून बसायचा," ती म्हणायची.

"आणि बंद मी करायचो," किल्लीवाला पुटपुटायचा.

सोन्याने नवा शर्ट घातला तरी किल्लीवाल्याच्या अंगाला खाज सुटायची.

नवा सर्व्हर सुरू झाला त्या सकाळी कुणालाच लॉगिन होईना.

लॅबमधल्या सगळ्यांची नावं आणि पासवर्ड त्या एका सर्व्हरवर असत. कुणी कॉम्प्युटरसमोर बसलं की कॉम्प्युटर सर्व्हरला विचारणार, हा माणूस आपला का? हे विचारणं उघड्यावर करायचं नसतं. वाटेत कुणी कान लावला तर पासवर्ड त्याच्या हाती. म्हणून सर्व्हरने आधी आपलं सर्टिफिकेट दाखवायचं, कॉम्प्युटरला ते पटलं की पुढचं बोलणं सांकेतिक भाषेत. आज ते पटत नव्हतं. प्रत्येक पडद्यावर एकच ओळ येत होती, 'सर्टिफिकेटवर विश्वास नाही.' वर रक्ताच्या नळ्या साचत चालल्या होत्या.

एकट्या किल्लीवाल्याच्या कॉम्प्युटरवर लॉगिन होत होतं.

सोन्या धापा टाकत खाली आला. "दाजी, तुमच्याकडे कसं चालतंय?"

"चांगल्या माणसाकडे सगळं चालतं."

"चेष्टा नको ना. काल जाताना तुमच्याच मशीनवरून तपासलं, मस्त चाललं होतं."

"फक्त माझ्याच?"

"वरच्या खोल्या बंद झाल्या होत्या हो. काही सुचतंय का तुम्हाला?"

"मी काय सुचवणार बाबा. सर तू आहेस."

सोन्या गेला. किल्लीवाल्याने सर्व्हरला एक आज्ञा दिली, तुझ्याजवळचे कागद दाखव. सर्व्हरने एकच सर्टिफिकेट पुढे केलं. यायला हवी होती दोन. समजा, दारात अनोळखी माणूस आला आणि म्हणाला, तुमच्या मामांच्या मित्राने पाठवलंय. मामांना आपण ओळखतो, मित्राला नाही. त्या मित्राला मामांनी दिलेली चिठ्ठी सोबत असेल तरच आपण दार उघडणार. ती चिठ्ठी म्हणजे मधलं सर्टिफिकेट, आणि ते सर्व्हरवर ठेवायचं सोन्या विसरला होता. किल्लीवाल्याच्या मशीनवर ते आधीपासून होतं. सर्व्हरची चाचणी चालू असताना त्याने स्वतःच ते उतरवून घेतलं होतं. म्हणून काल सगळं मस्त चाललं.

त्याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. वर जाऊन एक वाक्य बोललं की संपलं. तो मूग गिळून बसून राहिला. पंखा फिरत होता. वरून मॅडमचा चढलेला आवाज ऐकू येत होता, आणि इतका गोड आवाज त्याने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

मग टाळ्या वाजल्या. सोन्याने जिन्यातूनच ओरडून सांगितलं, "चाललं दाजी! सांकेतिक जोडणी काढून टाकलीय. आजच्यापुरतं साधंच चालू दे."

किल्लीवाल्याला आधी टाळ्याच तेवढ्या ऐकू आल्या. चुकला तरी टाळ्या यालाच! मग त्याच्या ध्यानात आलं, हे तर आणखी चांगलं झालं. आता प्रत्येकाचा पासवर्ड तारेतून उघडा चालला होता. ते पकडायचे आणि मॅडमपुढे ठेवायचे. सोन्या सपशेल तोंडावर आपटला असता.

त्याने तारेवरचं बोलणं ऐकायचा प्रोग्राम चालू केला. पडद्यावर वर तपासणीच्या यंत्रावर काम करणाऱ्या एका मुलीचं नाव उमटलं आणि शेजारी तिचा पासवर्ड, चक्क वाचता येणारा. कुणाच्या तरी न्हाणीघराचं दार चुकून उघडावं तसं त्याला झालं. तरी त्याने नजर हटवली नाही. आणखी एक नाव आलं. मग त्याला घड्याळ दिसलं. बायकोची ड्यूटी सुरू व्हायची वेळ झाली होती.

तो पळत वर गेला. ती खुर्ची ओढून बसत होती, समोर नमुना द्यायला आलेल्यांची रांग.

"थांब, पासवर्ड टाकू नकोस."

"अहो, लोक उभे आहेत."

"सगळं उघड्यावर चाललंय. कुणीही वाचेल."

"सोन्याने आत्ताच तर चालू केलंय."

"घोटाळा केलाय तुझ्या सोन्याने."

तिने आवाज खाली आणला नाही. "बघवत नाही ना तुम्हाला? आल्यापासून पाण्यात बघताय त्याला. माझ्या भावाचं बरं झालेलं डोळ्यांत खुपतंय, दुसरं काही नाही."

रांगेतली माणसं जमिनीकडे बघू लागली. ती म्हणाली त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं, आणि त्याने सांगितलं तेही खरंच होतं. तिचा हात पुन्हा कीबोर्डकडे गेला. सोन्या मागे येऊन उभा होता.

"मधलं सर्टिफिकेट," किल्लीवाला त्याच्याकडे न बघता म्हणाला. "सर्व्हरवर घातलेलं नाहीस. माझ्या मशीनवर आहे, तिथून घे. मग सांकेतिक जोडणी पुन्हा चालू कर. आणि ज्यांनी लॉगिन केलंय त्यांचे पासवर्ड बदलायला लाव."

सोन्याचा चेहरा पडला. तो खाली धावला. परत आला तेव्हा सांकेतिक जोडणी पुन्हा चालू होती, आणि बायकोच्या पडद्यावर सकाळची ती अविश्वासाची ओळ आली नाही. तिने पासवर्ड टाकला, दार उघडलं. पहिली नळी हातात घेता घेता तिने मान वर केली.

"तुम्हाला हे कळलं कधी?"

किल्लीवाल्याने तिच्या हातातल्या नळीकडे पाहिलं. सकाळपासून नळ्या खोळंबल्या होत्या. तो खाली पंखा बघत बसला होता.

"आत्ताच गं ताई," सोन्या म्हणाला. "दोघं मिळून शोधत होतो. दाजींनी पकडलं बघ."

सर्टिफिकेट घ्यायला सोन्या खाली किल्लीवाल्याच्या मशीनवर गेला होता. सर्व्हरला दिलेली आज्ञा तिथे पडद्यावर तशीच होती, शेजारी सकाळच्या वेळेसकट. त्याने ती वाचली होती. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, दया असावी, आणि किल्लीवाल्याला ती काचेसारखी बोचली. चारचौघांत उघडं पाडलं असतं तर निदान भांडता आलं असतं. हेही यालाच जमलं. मोठं मनसुद्धा आधी यानेच पटकावलं.

बायकोने भावाकडे पाहिलं. या संसारात कधीकाळी त्या नजरेवर आपला हक्क होता, असं किल्लीवाल्याला वाटलं.

"संध्याकाळी जेवायलाच ये रे," ती म्हणाली.

"ये ना," किल्लीवाला म्हणाला, आणि तिला दुसऱ्यांदा बोलवावं लागू नये म्हणून पुन्हा एकदा म्हणाला, "ये की."