एकशे एकच्या आधी शून्य

एकनाथनाना कुठल्याही ऑफिसात टेलिफोनची यंत्रणा बसवली की पहिला फोन एकशे एकला, म्हणजे अग्निशमन दलाला करत. "घाबरू नका भाऊ, आग नही शे. लाइन तपासी ऱ्हायनू." पलीकडचा माणूस वैतागे. नाना शांतपणे पुढच्या टेबलावरचा फोन उचलत आणि पुन्हा तेच सांगत. शेवटी शेवटी तो माणूस त्यांना आवाजावरून ओळखू लागला होता.

मी धुळ्याजवळच्या एका जिनिंग कारखान्यात, म्हणजे जिन यंत्रांवर कापसातली सरकी वेगळी होते तिथे, टेलिफोनवर बसते. कापसाला ठिणगीचं भय, म्हणून आमच्याकडे कामगारांचे मोबाइल गेटवर जमा होतात. आत फक्त आमच्या यंत्रणेचे फोन. ते सांभाळायला नाना पारोळ्याहून एसटीने येत. माणूस फटकळ. मॅनेजरसाहेबांनाही तोंडावर सांगत, "साहेब, तुमना फोन बंद पडना तरी चाली. जिनवरना पडाले नको." साहेबांना ते झोंबायचं, आणि मला मनातून बरं वाटायचं.

लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावायची सक्ती आली, तेव्हा नानांनी यंत्रणेत नीट नियम घातला. दहा आकडी मोबाइल नंबर असेल तरच यंत्रणा स्वतःहून पुढे शून्य लावेल. बाकीचे नंबर जसेच्या तसे जातील. या कामात त्यांचा अख्खा दिवस गेला. साहेबांनी तेवढंच निमित्त धरून त्यांना काढलं आणि पुण्याचा इंजिनिअर आणला. नवी यंत्रणा बसवून त्याने दहा मिनिटांत लॅपटॉपवर काम उरकलं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक नंबराला सरसकट शून्य. मोबाइल लागत होते, आणि इतर कुठे फोन करायची वेळ हल्ली कोणावर येते? सगळे खूश होते.

नाना जुने सुटे भाग परत द्यायला आले, तेव्हा त्यांनी ते पाहिलं. "बठ्ठासले शून्य? एकशे एकले बी?" साहेब हसले. म्हणाले, "नाना, तुम्हाला सारखी आगच कशी दिसते?" त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

जाता जाता नाना मला म्हणाले, "ताई, एकदा लावी पहा." मी लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं ऐकू आलं. मी इंजिनिअरला कळवलं. तो म्हणाला, पुढच्या भेटीत बघतो. त्यानंतर साहेबांच्या भीतीने मी तो विषय काढला नाही.

होळीच्या आधीच्या आठवड्यात भर दुपारी जिनवर कापूस पेटला. मी जेवायला गेले होते. जिनवर काम करणाऱ्या साक्रीकडच्या सुमनबाईने तीनदा एकशे एक लावला, तीनदा तेच ऐकलं. मग ती फोन टाकून गोणपाट घेऊन आगीवर धावली. कोणीतरी गेटपर्यंत पळत जाऊन मोबाइल मिळवला. बंब आला तोवर तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते.

साहेबांनी अहवाल तोंडी सांगितला, मी टाइप केला. "जुन्या मेकॅनिकने केलेल्या चुकीच्या सेटिंगमुळे."

दुसऱ्या दिवशी नाना न बोलावता आले आणि थेट यंत्रणेसमोर बसले. साहेब आडवे आले. "सरका साहेब. आधी हाई, मंग भांडूत." त्यांनी एकशे एकच्या आधीचं ते शून्य काढलं. मग माझ्या टेबलावरचा अहवाल उचलून शेवटपर्यंत वाचला.

"ताई, तुमले माहीत व्हतं ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

"फोन बंद व्हता. तोंड तर चालू व्हतं."

एवढंच बोलून त्यांनी पिशवी उचलली आणि ते निघून गेले.

अहवाल तसाच वर गेला. गेल्या पावसाळ्यात नाना वारले, तेव्हाही कागदावर दोषी तेच होते. मी साहेबांवर चिडते, त्या इंजिनिअरवर चिडते. नानांवरही चिडते, कारण त्यांनी मला चार शिव्या द्यायला हव्या होत्या. टाइप मी केलं होतं.