गुरुवारचा मेल शुक्रवारी

आधी त्या ताईंचं सांगतो, मग प्रकरणाचं. नाव लिहीत नाही. त्या साक्षीदार आहेत आणि खटला अजून चालू आहे. निघोज्याच्या एका कारखान्यात त्या डिस्पॅचला क्लार्क होत्या. वडील पिंपरीत कामगार, आई घरी शिवणकाम करायची. मला या प्रकरणात जे काही जमलं, ते त्यांच्यामुळे. सरकारी कागदावर मात्र तपास अधिकारी म्हणून माझं नाव आहे.

माझी शाळा सातवीत सुटली. पुढं बाहेरून दहावी केली, शिपाई म्हणून भरती झालो आणि निवृत्तीच्या वेळी उपनिरीक्षक होतो. गाव नांदेडकडचं. बायको-मुलं तिकडंच राहिली. मी पिंपरीच्या उत्तर टोकाच्या पोलीस ठाण्यात नोकरीला, राहायला एका खोलीत. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ठाण्याचं सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं. एखादा शब्द कळला नाही तर मी विचारत नसे. आपलं शिक्षण उघडं पडेल, ही भीती. त्या भीतीनं या प्रकरणात एक दिवस वाया घालवला, तो मला विसरता येत नाही.

त्या दिवशी ठाणे अंमलदार माझ्या टेबलाशी एका बाईंना घेऊन आला. लातूरकडच्या अंगणवाडी सेविका, रात्रभर बसमध्ये बसून आलेल्या. धाकटा भाऊ तळवड्यात एकटा राहायचा. वय पस्तिशीच्या आसपास, लग्न नाही. महिनाभर फोन बंद.

"काहीच संपर्क नाही?" मी विचारलं.

"मेल येतात की. दर आठवड्याला."

"मग बाई, मिसिंग कशी घ्यायची? मेल येतोय म्हणजे माणूस आहे."

बाईंनी मोबाईल पुढं केला. "साहेब, तो अडखळत बोलतो. फोनवर तर शब्दच फुटत नाही, म्हणून लहानपणापासून लिहूनच सांगतो. माझ्या पोरीचा दहावीचा निकाल लागला, पास झाली, ते मी त्याला कळवलं. त्यानंतर त्याचा मेल आला. हे बघा. 'पोरीला सांग, निकालाला घाबरू नको.' माझा भाऊ असं करणार नाही. ह्ये कुणीतरी दुसरंच पाठवतंय."

मी मिसिंग दाखल केली. भाऊ काय करतो, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "घरी बसून ॲड-इन बनवतो, कंपन्यांना पाठवतो." मी मान हलवली आणि डायरीत लिहिलं: 'ॲडिन नावाच्या इसमास निरनिराळ्या कंपन्यांत पाठवतो.' आणि दोन शिपायांना दिवसभर तळवड्यात ॲडिनचा शोध घ्यायला लावलं.

तळवड्यातल्या खोलीचा पंचनामा केला. लॅपटॉप बंद, वर धूळ. स्टोव्हवर करपलेलं पातेलं. घरमालक म्हणाला, "शांत माणूस, कधी त्रास नाही. किती दिवस दिसला नाही? आता तुम्ही विचारलं म्हणून लक्षात आलं बघा." भावाचा फोन शेवटचा चालू होता तो चाकण पट्ट्यात, त्या टॉवरखाली शेकडो कारखाने. सायबर विभागाला पत्र दिलं, उत्तराला वेळ लागणार होता. खोलीत एक वही मिळाली. तीत अकरा कंपन्यांची नावं, आणि तीन नावांपुढं लिहिलं होतं, 'स्वतः जाणे'.

मी कंपन्या फिरू लागलो. बहुतेक ठिकाणी एकच उत्तर. माणूस चांगला, काम चोख, पण चेहरा कोणी पाहिलेला नाही. सगळं मेलवर. अकरा कंपन्यांचं काम करणारा माणूस महिनाभर नाहीसा होतो आणि कोणालाही चुकल्यासारखं वाटत नाही, हे ऐकताना मला माझी खोली आठवायची. मी नाही दिसलो तर पहिली चौकशी कोण करील? बहुतेक ड्युटी लावणारा हवालदार.

निघोज्याला त्या ताई भेटल्या. मी नोंदीची प्रत त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी वाचली, 'ॲडिन'पाशी थांबल्या. माझे कान गरम झाले.

"सापडला का मग हा ॲडिन?" त्यांनी हसू दाबून विचारलं.

"नाही अजून."

"सापडायचा नाही, साहेब." मग खुर्ची माझ्याकडं सरकवली. "बसा. माझ्या आईच्या शिवणयंत्राला पिको करायला वेगळा पाय बसवायचो आम्ही. मशीन तीच, पाय बदलला की नवं काम करते. तसंच हे. मेलचा प्रोग्रॅम म्हणजे मशीन. त्याला बसवायचा पाय म्हणजे ॲड-इन. आमच्या मेलमध्ये हे बटण दिसतंय ना? दाबलं की चलन आपोआप जोडलं जातं. हे त्यांनी आमच्यासाठी बनवलं. प्रत्येक कंपनीचं वेगळं. मेलवर फाईल पाठवायचे, आम्ही इथं बसवून घ्यायचो."

तीस वर्षांत मला कोणी इतक्या सरळ काही समजावलं नव्हतं. मी बहिणीला आलेल्या मेलचे छापील कागद काढले. शेवटचे चार. ताईंनी ते शेजारी शेजारी मांडले आणि एकेकाच्या वरच्या ओळीवर बोट ठेवत गेल्या.

"साहेब, वार बघा. मेलमध्ये ते स्वतः वर 'गुरुवार' लिहितात. पण आलेत कधी? चारही शुक्रवारी. सकाळी साडेआठच्या पुढंमागं."

"लिहिणाऱ्यानं चूक केली असेल."

"चारदा? आपल्याकडं गुरुवारी काय असतं, साहेब?"

मी म्हणालो, "कारखान्यांना सुट्टी."

"सगळ्या नाही, पण बऱ्याच. त्यांनी आम्हाला एक नवीन बटण द्यायचं कबूल केलं होतं. मेल आज लिहायचा, ठरल्या दिवशी आपोआप जाणार. पण त्याला कॉम्प्युटर चालू लागतो. बंद असला तर मेल थांबून राहतो आणि कॉम्प्युटर चालू झाला की निघतो. हे मेल अशा कॉम्प्युटरवर पडून आहेत, जो गुरुवारी बंद असतो आणि शुक्रवारी पहिल्या शिफ्टला चालू होतो. त्यांच्या खोलीतला नाही. कुठल्या तरी कारखान्यातला आहे."

मी वहीतलं 'स्वतः जाणे' दाखवलं. ताई म्हणाल्या, जिथं मेलचा प्रोग्रॅम फार जुना, तिथं फाईल पाठवून भागत नाही, जाऊनच बसवावी लागते. अशा कंपन्या तीन. त्यांतल्या दोन कंपन्यांची सुट्टी रविवारची होती. गुरुवारची एकच.

तेवढ्यात त्यांचा मॅनेजर आला. ती गुरुवारवाली कंपनी ताईंच्या कारखान्यासाठीच सुटे भाग बनवायची. त्यानं ताईंना बाजूला घेतलं. "कशाला भानगडीत पडता? सही वगैरे काही करू नका." ताई परत आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, जबाब लिहून घ्या. मी सांगते, तुम्ही लिहा. घाई करू नका."

त्या कारखान्याची हद्द दुसऱ्या ठाण्याची. तिथं नोंद करून, तिथला एक हवालदार सोबत घेऊन गेलो. मालक बोलायला गोड. "तो होय? दोन महिने झाले, फिरकला नाही, राव." कॉम्प्युटर कुठं आहे विचारल्यावर चहा मागवला. हवालदाराला मालकापाशी बसवून मी स्टोअरकडं गेलो.

स्टोअरकीपर जवळच्याच गावचा, साठीला आलेला. कोपऱ्यात जुना कॉम्प्युटर सुरू होता.

"हा कोण वापरतं?"

"कुणी न्हाई. शुक्रवारी मी मेन स्विच टाकतो, की त्यो आपला आपण चालू व्हतो. त्या तोतऱ्या साहेबांनी तशी सोय केलीया."

"ते साहेब कुठं आहेत?"

"मला न्हाई ठावं."

तो खाली बघत होता. माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला ओरडलं की त्याला आधार मिळतो. आपला राग त्याला ओळखीचा असतो. म्हणून मी ओरडलो नाही. बहिणीनं भावाला पाठवलेला शेवटचा मेल वाचून दाखवला. 'तू बोलू नको, नुसता एक शब्द लिही.'

म्हातारा पोत्यावर बसला. "वायर ओढाया माळ्यावर चढलं व्हतं. शिडी सरकली. मालक म्हणलं, माळ्याची परवानगी न्हाई, तपासणी लागंल. हेल्पर म्हणून दुसऱ्या नावानं दवाखान्यात टाका. आमी टाकलं. जित्तं हायेत, साहेब. मी दर रविवारी बघून येतो."

हायवेलगतच्या एका लहान दवाखान्यात ते मिळाले. मांडीचं हाड मोडलेलं, डोक्याला मार, लिहायचा उजवा हात प्लास्टरमध्ये. आपलं खरं नाव सांगायचा ते रोज प्रयत्न करत होते. पहिल्या अक्षरावर अडकायचे, आणि नर्स पुढच्या खाटेकडं जायची. हेल्परच्या डोक्याला मार लागलाय, असं समजून सगळ्यांनी सोडून दिलं होतं.

मी बहिणीला आत नेलं. भावानं बघितलं, ओठ हलले. "ता... ता..."

"व्हय. सावकाश सांग," बाई खाटेच्या कडेवर बसल्या. "मला कुठं जायचं नाही."

त्या कॉम्प्युटरवर अजून आठ मेल थांबलेले होते, पंचनाम्यात घेतले. सुट्टीतही नवं बटण नीट चालतं का, हे तपासायला त्यांनी एका बैठकीत बारा गुरुवारांचे मेल लिहून ठेवले होते. चाचणीला काहीही लिहून चाललं असतं. त्यांनी बहिणीला पत्रं लिहिली, कारण पत्ता टाकायला त्यांच्याकडं दुसरं माणूस नव्हतं.

मी दर आठवड्याला घरी फोन करायचो. "बरं आहे," म्हणायचो. जेवलो नसलो तरी. या प्रकरणानं मला शिकवलं ते हे, की 'बरं आहे' हा निरोप आला म्हणजे माणूस बरा आहे, असा अर्थ काढू नये. पोलिसानं तर मुळीच काढू नये. आणि दुसरं, शब्द कळला नाही तर त्याच क्षणी विचारावा. माझा एक दिवस लाजेत गेला. तो माणूस खाटेवर होता म्हणून निभावलं.

मालकाविरुद्ध दोषारोपपत्र गेलं. मला बक्षीस मिळालं, सेवापुस्तकात नोंद झाली. ताईंना काय मिळालं, ते मला त्यांच्या कारखान्याच्या वॉचमननं सांगितलं: डिस्पॅचमधून काढून गेटवर गाड्यांची नोंद करायला बसवलं. मी भेटायला गेलो तर म्हणाल्या, "चालतंय, साहेब. इथं वारा तरी लागतो." मॅनेजरला मी बोललो, वरिष्ठांकडून पत्रही दिलं. काही झालं नाही.

खटला खेडच्या कोर्टात आहे. ताईंची साक्ष अजून व्हायची आहे. समोरचा वकील त्यांना विचारील, तुमचं शिक्षण किती, तुम्ही कोण मोठ्या तज्ज्ञ लागून गेलात. तसल्या प्रश्नांनी माणूस कसा बारीक होतो, ते मला चांगलं ठाऊक आहे. मी आता गावी राहतो, प्रवास मोठा आहे, गुडघे दुखतात. तरी ज्या दिवशी पुकारा होईल, त्याच्या आदल्या दिवशीच मी निघेन. मला समन्स असो वा नसो. ताई साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून खाली बघतील तेव्हा ओळखीचं एक माणूस समोर बसलेलं असेल. त्यांचे उपकार त्यानं फिटणार नाहीत. पण सुरुवात तिथून करीन, हा माझा त्यांना शब्द आहे.