नोकरी सुटल्यावरची नाटकं

बाळांनो, आमच्या पुसदच्या वाचनालयातले कारकून परत आलेलं पुस्तक खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसायचे आणि विचारायचे, "काय निंगालं यातून, बाई?" सांगितल्याशिवाय ते दुसरं पुस्तक देत नसत.

ते निवृत्त होणार होते. घरी बसून काय करायचं, या काळजीने त्यांचा चेहरा अगदी उतरला होता. त्याच सुमारास मी चिनी साहित्याचा इतिहास परत करायला गेले.

"तांग राजांच्या काळात कविता जमली की सरकारी नोकरीच्या परीक्षेत उपयोग व्हायचा," मी सांगितलं. "पुढे मंगोलांचं राज्य आलं, परीक्षा बंद पडल्या. मग रिकामे झालेले विद्वान बाजारातल्या लोकांसाठी नाटकं लिहू लागले."

दुपट्टा थांबला. "नोकरी नाई म्हणून नाटकं? त्यायच्या घरच्या काही बोलल्या नाई?"

"ते पुस्तकात नाही."

"नसनच!" ते हसले.

निवृत्तीनंतर एक दिवस ते घरी आले. "गावच्या दंडारीत खेळाले नाटक लिहून राह्यलो, बाई. पाहा जरा," म्हणत कागद ठेवून गेले.

आज ते परत न्यायला आले. मी कागद पदराने पुसून पुढे केले. त्यांचा नेहमीचा प्रश्न काही त्यांना विचारवेना. नजर जमिनीवर.

मग मी त्यांना खुर्ची दिली आणि त्यांनी न विचारताच सांगायला बसले.